बरे होणे आणि सोसणे

पुणे-नाशिक रस्त्यावर मंचर सोडल्यानंतर लागणाऱ्या, घोड नदीच्या काठच्या कळंबसारख्या गावात एखाद्या घरी मोठे दुखणे आले, म्हणजे त्या घरात दोन व्यवहार एकाच वेळी सुरू होतात. एकीकडे मंचरच्या किंवा नारायणगावच्या डॉक्टरांकडे धाव घेतली जाते, रक्त तपासायला जाते, गोळ्यांच्या पुड्या उशाशी येतात. दुसरीकडे ओझरच्या विघ्नहराला किंवा थापलिंगाच्या खंडोबाला बोलणे होते, देव्हाऱ्यातला अंगारा कपाळी लागतो, आणि घरातली वडीलधारी बाई रात्रभर नामस्मरण करीत अंथरुणापाशी बसते. या दोहोंत काही विरोध आहे असे त्या घरातल्या कोणालाही वाटत नाही. औषध देणारा डॉक्टर आणि आयुष्य देणारा देव यांच्यात वाटणी करून घ्यावी, हा विचारच ग्रामीण मनाला परका आहे. ख्रिस्ती धर्मात दैवी आरोग्यदान, श्रद्धा आणि शारीरिक दुःखाचे सहन यांविषयी काय मानले जाते हे समजावून घेताना आपली ही वहिवाट ध्यानात ठेवली, तर पुष्कळ गैरसमज आरंभीच टळतात. कारण बाहेरून पाहणाऱ्यास एक तर चमत्काराच्या जाहिराती दिसतात, नाही तर क्रूसावर खिळलेला देह दिसतो, आणि रोग्याला उठवून चालविणारा देव व स्वतः यातना भोगणारा देव हे एकाच श्रद्धेत एकत्र कसे नांदतात, याचा उलगडा त्याला होत नाही.

ख्रिस्ती घरात दुखणे आले म्हणजे घडते काय, ते आधी जवळून पाहू. मंडळीचे पाळक आणि दोन-चार वडील संध्याकाळी घरी येतात. कॅथलिक कुटुंब असेल तर फादर येतात, आणि त्यांच्याजवळच्या छोट्याशा डबीत पवित्र सप्ताहात बिशपांनी आशीर्वादित केलेले तेल असते. आजाऱ्याची विचारपूस होते. डॉक्टर काय म्हणाले, ताप उतरला का, पोटात काही गेले का, हे सारे घरच्यासारखे विचारले जाते. मग शास्त्रवाचन होते, अंगठ्याने कपाळावर तेलाचा क्रूस काढला जातो, कॅथलिक पद्धतीत तळहातांवरही तेल लावले जाते, आणि वडीलमंडळी आजाऱ्याच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करतात. या रिवाजाला आधार आहे तो नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा. तुमच्यापैकी कोणी आजारी असेल तर त्याने मंडळीच्या वडिलांना बोलावून घ्यावे, त्यांनी त्याला तेल लावून प्रार्थना करावी, असा उपदेश त्या पत्राच्या पाचव्या अध्यायात आहे. त्यात एक बारीक गोष्ट अशी की, बोलावणे आजाऱ्याने पाठवावयाचे आहे. त्याला कोणा सभामंडपात नेऊन हजारोंच्या देखत उभे करावे असे तेथे सांगितलेले नाही. आरोग्याची प्रार्थना ही मुळात आजाऱ्याच्या अंथरुणापाशी, त्याला ओळखणाऱ्या माणसांनी करावयाची गोष्ट आहे, आणि माझ्या मते या विषयातल्या बहुतेक विकृती ती तेथून हलविल्यामुळे उत्पन्न झाल्या आहेत.

शुभवर्तमानांत येशूच्या आरोग्यदानाच्या कथा इतक्या आहेत, की त्या वगळल्या तर त्या ग्रंथांचा मोठा भाग रिकामा पडेल. आंधळे, पांगळे, तापाने फणफणलेली शिमोन पेत्राची सासू, बारा वर्षे रक्तस्रावाने क्षीण झालेली आणि वैद्यांपायी सगळी पुंजी घालवून बसलेली एक स्त्री, बेथेस्दाच्या तळ्याकाठी अडतीस वर्षे पडून राहिलेला एक मनुष्य, अशी ती दीर्घ मालिका आहे. या कथांत केवळ रोग हटल्याचे वर्णन नसते, तर रोगाने माणसांतून उठविलेला जीव पुन्हा माणसांत आणून बसविल्याचे असते. कुष्ठरोग्यांना बरे केल्यावर येशू त्यांना याजकांकडे पाठवितो, याचे कारण असे की, मोशेच्या नियमशास्त्राप्रमाणे कुष्ठी शुद्ध झाला हे ठरविण्याचा आणि त्याला गावात परत घेण्याचा अधिकार याजकाचा होता. त्याचा दाखला मिळाल्यावाचून बरे झालेल्या कातडीचा त्या माणसाला काही उपयोग नव्हता. रोगमुक्ती आणि पुनःप्रवेश या दोन्ही गोष्टी मिळून आरोग्य होते, ही दृष्टी तेव्हापासून ख्रिस्ती सेवाकार्यात उतरली. प्रभू कालही बरे करीत होता, आजही करतो, अशी सामान्य ख्रिस्ती माणसाची श्रद्धा आहे, आणि उपासनेत उभे राहून आपल्या दुखण्यातून उठल्याची साक्ष देणारी माणसे प्रत्येक मंडळीत भेटतात. त्या साक्षींकडे मी आदराने पाहतो. ज्याचे दुखणे होते त्याने कृतज्ञता कोणापाशी व्यक्त करावी, हे इतरांनी ठरवावयाचे नसते.

परंतु त्याच शास्त्रात दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणे लिहिलेली आहे, आणि ती लपविणारा उपदेशक शास्त्राशी प्रामाणिक राहत नाही. जुन्या करारातला ईयोब हा निर्दोष मनुष्य असूनही संतती, संपत्ती आणि देहस्वास्थ्य या सर्वांना मुकतो. त्याचे मित्र येऊन, तुझ्या हातून काही पाप घडले असलेच पाहिजे, असा युक्तिवाद पानेच्या पाने करतात, आणि ग्रंथाच्या अखेरीस देवाचा रोष ओढवतो तो त्या मित्रांवर, देवापाशी तक्रार मांडणाऱ्या ईयोबावर नव्हे. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध मनुष्याला पाहून शिष्य विचारतात की, पाप कोणी केले, याने की याच्या आईबापांनी. आणि येशू ते दोन्ही पर्याय फेटाळतो. आपल्याकडे पूर्वजन्मीच्या कर्माचा जो प्रश्न आजाऱ्याच्या दाराशी नेहमी उभा असतो, त्याचाच हा सख्खा भाऊ. पौलाची हकीकत तर याहून बोलकी आहे. ज्याच्या हातून अनेक रोगी बरे झाले असे प्रेषितांची कृत्ये सांगतात, त्या पौलाच्या स्वतःच्या देहात एक काटा होता. तो नेमका कोणता विकार होता, डोळ्यांचा की हिवतापाचा की आणखी कसला, यावर विद्वानांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. पौलाने तीन वेळा विनवणी केली; काटा निघाला नाही; मिळाले ते एवढेच आश्वासन, की माझी कृपा तुला पुरेल. आपला सहकारी त्रफिम याला मिलेत येथे आजारी अवस्थेत मागे ठेवून पौलाला पुढे जावे लागले, आणि तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर त्याने थोडा द्राक्षारस घेण्याचा साधा घरगुती उपाय सुचविला. प्रेषिताच्या प्रार्थनेने सारे काही तत्काळ होत असते, तर या दोन नोंदी त्याच्या पत्रांत राहिल्याच नसत्या. शिवाय, ज्याने इतरांना बरे केले त्या येशूने गेथशेमाने बागेत स्वतःवरचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली, आणि तो टळला नाही. ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यात, मागणे मान्य न झालेली ही एक प्रार्थना आहे, हे विसरून चालत नाही.

या दोन्ही बाजू एकाच आयुष्यात पाहावयाच्या असतील तर आपल्याच जिल्ह्यात, दौंड तालुक्यातल्या केडगावी जावे लागते. पंडिता रमाबाईंच्या चरित्रात समाजसुधारणा, स्त्रीशिक्षण आणि धर्मांतर यांची चर्चा भरपूर झाली आहे. त्यांच्या देहाने काय सोसले, याची मात्र क्वचितच झाली. १८५८ साली जन्मलेल्या रमाबाईंचे बालपण तीर्थयात्रांत गेले. पिता अनंतशास्त्री डोंगरे, माता लक्ष्मीबाई, भावंडे आणि त्या स्वतः असे सारे कुटुंब पुराणे सांगत, व्रते व उपवास करीत हिंडत राहिले. दुष्काळ आला तेव्हाही देव प्रसन्न व्हावा म्हणून अनुष्ठाने चालूच होती, आणि १८७४ साली थोड्याच अवधीत आईबाप उपासमारीने गेले. पुढे बहीण गेली, १८८० साली भाऊ श्रीनिवास गेला, आणि लग्नाला दोन वर्षेही पुरी होत नाहीत तोच १८८२ च्या आरंभी पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने दगावले. कडेवर मनोरमा ही तान्ही मुलगी होती. ज्या बाईने सोळाव्या वर्षापासून चोविसाव्या वर्षापर्यंत एवढे मृत्यू जवळून पाहिले, तिला देव आणि दुःख यांच्या नात्याविषयी कोणी पुस्तकातून शिकवावे लागले नाही.

त्याच १८८२ साली हंटर आयोगापुढे साक्ष देताना रमाबाईंनी एक मागणी आग्रहाने मांडली: या देशातल्या स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे दुखणे उघड करीत नाहीत आणि त्यामुळे प्राणास मुकतात, तरी स्त्रियांना वैद्यकीचे शिक्षण द्यावे. स्वतः वैद्यक शिकावे या हेतूनेच त्या १८८३ साली इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु वैद्यकाचा बेत तडीस गेला नाही, कारण त्यांना ऐकू कमी येत होते, आणि ते बहिरेपण वाढत गेले. रोग्याच्या छातीचा ठोका ज्या कानांनी ऐकावयाचा तेच कान साथ देईनात. हे बहिरेपण त्यांना जन्मभर पुरले. अमेरिकेत आणि हिंदुस्थानात त्यांनी एवढी भाषणे केली, एवढ्या मुलींचे गाऱ्हाणे ऐकले, एवढ्या टीकाकारांना उत्तरे दिली, ते सारे त्या अधू कानांनिशी. ज्या देवाने आपल्याला चिखलातून उचलले असे त्यांनी आपल्या 'साक्ष' या आत्मनिवेदनात कृतज्ञतेने मांडले, त्या देवाने त्यांचे कान उघडले नाहीत. आणि त्यामुळे त्यांच्या श्रद्धेला तडा गेल्याचे त्यांच्या लेखनात कोठे दिसत नाही.

आता याच बाईंच्या आश्रमात काय घडले ते पाहा. १८८९ साली मुंबईस निघालेले शारदासदन पुण्यास आले, १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून अन्नान्न झालेल्या मुली व विधवा शेकड्यांनी आल्या, आणि केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले. १९०५ साली, वेल्समधल्या धर्मजागृतीची वार्ता आल्यानंतर, रमाबाईंनी आश्रमातल्या स्त्रियांचे प्रार्थनागट बांधले. आरंभी सत्तरजणींचा असलेला गट साडेपाचशेपर्यंत गेला, आणि जूनअखेर तेथे जी जागृती उसळली तिचे वर्णन करणाऱ्यांना शब्द पुरले नाहीत. मुली रडत, पापांची कबुली देत, तास न् तास प्रार्थना करीत. आपल्या अंगात अग्नी पेटल्यासारखे वाटते असे सांगत. अमेरिकेतल्या लॉस एंजलिस शहरातली ॲझुसा स्ट्रीटची जागृती, जिच्यापासून जगभरच्या पेंटेकॉस्टल मंडळ्या आपला इतिहास मोजतात, ती १९०६ ची. म्हणजे केडगाव तिच्या आधीचे. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी एब्रॅम्स या अमेरिकन बाईंनी १९०६ साली या अनुभवावर एक पुस्तिका लिहिली, ती दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात पोहोचली, आणि १९०९ साली तेथे जी पेंटेकॉस्टल चळवळ उभी राहिली तिच्या मुळांत या पुस्तिकेचा अंश आहे. दैवी आरोग्यावर एवढा भर देणाऱ्या जागतिक चळवळीच्या एका उगमाशी पुणे जिल्ह्यातला एक माळ आणि तेथली एक बहिरी विदुषी आहे, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असावयास हवी.

आणि प्रार्थनेवर एवढा भरवसा ठेवणाऱ्या या बाईंनी वैद्यकीय व्यवस्थेची जबाबदारी देवावर ढकलून दिली नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या प्लेग-इस्पितळात स्त्रियांची जी अवस्था होती, तिच्याविषयी त्यांनी 'बॉम्बे गार्डियन' पत्रात उघड पत्र लिहून सरकारला जाब विचारला. देव बरे करील, तेव्हा इस्पितळ कसे का असेना, असे त्यांना म्हणता आले असते. त्यांनी तसे म्हटले नाही. देवापाशी दरखास्त आणि सरकारदरबारी फिर्याद, दोन्ही एकाच हाताने लिहिलेल्या. अखेरच्या वर्षांत त्या हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करीत राहिल्या. खिळे जुळविण्याचे आणि छपाईचे काम आश्रमातल्या स्त्रिया करीत. जिच्यावर साऱ्या कार्याची भिस्त होती ती मनोरमा १९२१ साली, चाळिशीत, आईच्या आधी गेली. त्यानंतर वर्षही झाले नाही तोच, ५ एप्रिल १९२२ रोजी, रमाबाई गेल्या. त्यांचे बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. एकुलत्या एका मुलीसाठी या आईने प्रार्थना केली नसेल असे कोण म्हणेल? तिच्या श्रद्धेत काही उणे होते असे तरी कोण म्हणेल?

या प्रश्नाच्या कडेने गेल्यास ख्रिस्ती इतिहासात एक गोष्ट वारंवार दिसते. ज्यांच्याद्वारे इतरांना आरोग्य मिळाले असे मानले जाते, ती माणसे स्वतः पुष्कळदा आजारीच राहिली. वऱ्हाड-खानदेशात, अकोल्याच्या आसपास, ज्या ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या संस्थेने काम केले, तिचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन हे ख्रिस्त हा तारक आहे तसाच आरोग्यदाताही आहे, असे आवर्जून शिकवीत. १८८१ साली आपले स्वतःचे हृदयाचे दुखणे प्रार्थनेने गेले, ही त्यांची साक्ष होती. १९१९ साली ते वारले, आणि त्याआधीची वर्षे ढासळत्या प्रकृतीत आणि मनाच्या खिन्नतेत गेली. फ्रान्समधल्या लूर्द येथे १८५८ साली जिला मरियेचे दर्शन झाले असे कॅथलिक मानतात, ती बर्नादेत ही दम्याने आणि पुढे हाडांच्या क्षयाने पीडित होती, आणि १८७९ साली, पस्तिसाव्या वर्षी, ती एका मठात वारली. ज्या झऱ्याकडे आजही लाखो रोगी जातात, त्या झऱ्याने तिला बरे केले नाही. तिने त्याबद्दल कुरकुर केल्याची नोंद नाही. लूर्दविषयी आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे: तेथे १८८३ पासून वैद्यकीय दप्तर आहे, बरे झाल्याच्या दाव्यांची डॉक्टरांकडून छाननी होते, आणि सात हजारांहून अधिक दाव्यांपैकी चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेले सत्तरच्या थोडेच पुढे आहेत. चमत्कारावर विश्वास ठेवणारी संस्था चमत्कार मान्य करण्यात इतकी कंजूष असते, हे आपल्याकडच्या आरोग्यसभांच्या चालकांनी जरूर अभ्यासावे.

महाराष्ट्रातल्या साध्या श्रद्धाळू माणसाचा मार्ग मात्र या छाननीतून जात नाही. तो वांद्र्याच्या टेकडीवरून जातो. ८ सप्टेंबर, मरियेचा जन्मदिवस, आणि त्यापुढचा आठवडा म्हणजे मोतमाउलीची जत्रा. टेकडी चढताना दुतर्फा मेणाच्या वस्तू विकणारी दुकाने असतात, आणि त्या वस्तू पाहून नवख्या माणसाचे पाऊल थबकते: मेणाचा हात, मेणाचा पाय, डोळ्यांची जोडी, हृदय, मूल हवे असणारांसाठी लहानशी बाहुली. ज्याचा गुडघा दुखतो तो पाय घेतो, ज्याच्या आईला मोतीबिंदू आहे तो डोळे घेतो, आणि मेणबत्तीच्या जोडीने ते माउलीपुढे ठेवतो. चढणाऱ्यांत कोळी, ख्रिस्ती, हिंदू, पारशी सगळे असतात. नगर जिल्ह्यात श्रीरामपूरजवळ हरेगावी सप्टेंबरातच मतमाउलीची यात्रा भरते आणि गावोगावचे ख्रिस्ती तेथे लोटतात. कर्मठ प्रोटेस्टंटाला हा नवसाचाच प्रकार वाटेल, आणि कॅथलिक धर्मशास्त्रीही सांगेल की येथे मागणे देवापाशी आहे, मरिया केवळ रदबदली करणारी. मला मात्र त्या मेणाच्या पायात एक गंभीर गोष्ट दिसते. दुखणारा अवयव ओंजळीत धरून देवापुढे न्यावा, म्हणजे देह ही देवाच्या दृष्टीने क्षुद्र वस्तू नाही, असे सांगितल्यासारखे होते. आणि देहधारी झालेल्या देवावर ज्यांची श्रद्धा आहे त्यांनी हे म्हणणे सर्वस्वी उचित आहे.

देहाविषयीच्या याच आदरातून मिशनची इस्पितळे उभी राहिली. मिरजेचे इस्पितळ महाराष्ट्राला सांगावयास नको. विल्यम वॉनलेस हे कॅनडात जन्मलेले शल्यवैद्य १८८९ साली हिंदुस्थानात आले, १८९४ साली मिरजेचे इस्पितळ सुरू झाले, आणि कर्नाटकापासून कोकणापर्यंतचे रोगी बैलगाडीने आणि आगगाडीने तेथे येऊ लागले. क्षयरोग्यांसाठी वॉनलेसवाडी वसली, कुष्ठरोग्यांसाठी निराळी सोय झाली. अशा इस्पितळांत शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी आधी प्रार्थना होई आणि मग भूल दिली जाई. प्रार्थनेमुळे शस्त्र उकळून निर्जंतुक करण्याची गरज कमी होते असे कोणी मानले नाही. नगरच्या प्लेगात ज्यांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली त्या लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात हीच वृत्ती दिसते: भक्तीला आणि कामाला त्या घरात वेगवेगळे कप्पे नव्हते.

कुष्ठरोगाने तर दुःखाविषयीच्या ख्रिस्ती विचारात एक नवी भर घातली. वेल्स्ली बेली यांनी १८७४ साली स्थापन केलेल्या कुष्ठरोग मिशनचे इस्पितळ अमरावती जिल्ह्यात कोठारा येथे आहे. परंतु ज्या संशोधनाविषयी मी बोलतो ते वेल्लोरचे. पॉल ब्रँड हे तमिळ डोंगरांत जन्मलेले मिशनरी कुटुंबातले शल्यवैद्य. त्यांनी दाखवून दिले की, कुष्ठरोग्याची बोटे रोगाने आपोआप झडत नाहीत. मज्जातंतू बधिर झाल्यामुळे त्याला वेदना कळत नाही, आणि वेदना कळत नाही म्हणून तो तापलेले भांडे धरतो, खिळ्यावर पाय देतो, उंदराने कुरतडले तरी जागा होत नाही, आणि अशा जखमांनी बोटे जातात. वेदना हा देहाचा पहारेकरी आहे, तो झोपला की घर लुटले जाते. यामुळे वेदनेचे सारे कोडे सुटते असे नव्हे. कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतली वेदना कोणाचे रक्षण करते, याला ब्रँडांच्या सिद्धांतात उत्तर नाही, आणि प्रामाणिक ख्रिस्ती लेखकांनी ते असल्याचा आव आणलेला नाही.

सोसण्याला ख्रिस्ती धर्म जो अर्थ देतो तो तत्त्वज्ञानाचा कमी आणि सोबतीचा अधिक आहे. आजारी माणूस आपली यातना ख्रिस्ताच्या यातनेला जोडून देवाला अर्पण करू शकतो, अशी कॅथलिक परंपरेची शिकवण आहे. दुसरे जॉन पॉल पोप यांनी १९८४ साली याच विषयावर एक विस्तृत पत्र लिहिले, आणि आयुष्याच्या शेवटी कंपवाताने थरथरणारा देह त्यांनी जगापासून लपविला नाही. मात्र या शिकवणीचा अर्थ दुखणे अंगावर काढावे असा होत नाही. असह्य वेदनेवर वेदनाशामक औषध घेण्याची मुभा बाराव्या पायस पोपने १९५७ साली भूलतज्ज्ञांपुढे बोलताना स्पष्ट दिली, त्यामुळे आयुष्य काहीसे आखडण्याचा संभव असला तरीही. आपल्या घरांतून, विशेषतः सासरच्या घरांतून, बायकांचे दुखणे 'सोसावे' या एका शब्दाखाली वर्षानुवर्षे दडपले गेले आहे. त्या दडपणाला क्रूसाचा आधार कोणी देऊ नये. टाळता येणारे दुःख टाळणे हे कर्तव्यच आहे, आणि सोसण्याचा प्रश्न त्यानंतर उरलेल्या दुःखाचा आहे.

आता ज्या एका वाक्याविषयी माझे मन शांत राहू शकत नाही त्याकडे येतो. प्रार्थना होते, तेल लावले जाते, उपवास होतात, आणि आजारी बरा होत नाही; तेव्हा कोणीतरी हलकेच म्हणतो, 'विश्वास कमी पडला.' महिनोन् महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या दुखण्यावर आणखी हा एक आरोप. हे वाक्य ईयोबाच्या मित्रांचे आहे, आणि शास्त्रात त्याला आधार शोधणाऱ्याने मार्कचे शुभवर्तमान पुन्हा उघडावे. दुसऱ्या अध्यायात चौघेजण एका पक्षाघाती माणसाला खाटेसकट उचलून आणतात, गर्दीमुळे दार गाठता येत नाही म्हणून छपरावर चढतात, छप्पर उसकटतात आणि खाट खाली सोडतात. आणि येशू पाहतो तो त्या चौघांचा विश्वास. खाटेवरच्या माणसाचा विश्वास किती होता, याची चौकशी तेथे झालेली नाही. नवव्या अध्यायात फेपऱ्याने पछाडलेल्या मुलाचा बाप आपला विश्वास अपुरा आहे हे रडत कबूल करतो, आणि त्याचा मुलगा बरा होतो. यावरून पाहता, कोणाचा विश्वास मोजावयाचाच असेल तर खाट उचलणाऱ्यांचा मोजावा. खाटेवरच्या माणसाकडे तो तगादा लावण्याचा अधिकार कोणालाही नाही.

याच वाक्याचे अधिक घातक रूप म्हणजे, विश्वास असेल तर औषध बंद करा, हा हुकूम. मधुमेहाची सुई, फेपऱ्याची गोळी, क्षयाचा सहा महिन्यांचा क्रम यांपैकी काहीही प्रार्थनेच्या नावाखाली थांबविणे हे श्रद्धेचे लक्षण नाही. लूक हा शुभवर्तमानकार स्वतः वैद्य होता असे पौलाच्या पत्रात लिहिले आहे. कायद्यानेही येथे सीमा आखली आहे. चमत्कारी उपायांच्या जाहिरातींना आळा घालणारा केंद्राचा कायदा १९५४ चा आहे, आणि महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा २०१३ चा. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे, आणि उसाच्या व द्राक्षांच्या आमच्या भागात, जेथे मण्यार आणि घोणस बांधाबांधाला भेटते, त्या कलमाचे मोल कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आजाऱ्यासाठी प्रार्थना करण्यास मात्र या कायद्याने कोठेही मनाई केलेली नाही.

प्रार्थनेचा परिणाम प्रयोगाने मोजण्याचेही यत्न झाले. अमेरिकेत हृदयशस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रोग्यांवर केलेल्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला: अनोळखी माणसांनी दुरून केलेल्या प्रार्थनेने गुंतागुंती कमी झाल्या नाहीत, आणि आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना निश्चितपणे सांगितले गेले होते त्यांच्यात त्या किंचित अधिकच आढळल्या. श्रद्धावंतांनी हा निष्कर्ष दडवू नये आणि अश्रद्धांनी त्याने सारे निकालात निघाले असेही समजू नये. नाव सांगून वाटून दिलेली ती प्रार्थना आणि शेजारच्या बाईने चुलीवरचे भांडे उतरवून, हात पुसून, आजाऱ्यापाशी येऊन केलेली प्रार्थना या एकाच जातीच्या गोष्टी नव्हेत. दुसरीत प्रार्थनेबरोबर पेज येते, रात्रीची जाग येते, आणि दवाखान्यात न्यावयाला गाडी येते.

कॅथलिक चर्चने या बाबतीत आपल्याच जुन्या रिवाजात केलेली एक दुरुस्ती मला फार मोलाची वाटते. शतकानुशतके आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार मरणोन्मुख माणसासाठीच राखून ठेवल्यासारखा झाला होता. त्यामुळे फादर डबी घेऊन दारात आले म्हणजे आजाऱ्याचे अवसान गळे, आणि घरचे लोक त्यांना बोलावण्याचे शेवटपर्यंत टाळीत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने हा अर्थ बदलला आणि १९७२ साली नवा विधी आला. आता गंभीर दुखणे सुरू होताच, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी, किंवा म्हातारपणाने शरीर खचू लागले तरी हे तेल लावता येते; आणि बरा झालेला माणूस पुन्हा आजारी पडला, अथवा त्याच दुखण्याने जोर केला, तर पुन्हा लावता येते. पहिल्या वेळी गुण आला नाही, म्हणून दुसऱ्या वेळी फादरांना बोलावताना घरच्यांनी काही कैफियत द्यावी लागत नाही.